पडलेलं कुत्रं ‘बरं आहे’ हे तुम्हाला कोणी सांगितलं?

आज व्याकरण नाही. वह्या दप्तरात ठेवा आणि माझ्याकडे बघा. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आईबाबांनीही पुढे येऊन बसावं, कारण आजचं बोलणं निम्मं त्यांच्यासाठी आहे.

गेल्या गुरुवारी रात्री तुमचा कुत्रा चिकू पडला. डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचला तो शुक्रवारी दिवेलागणीला. मधल्या जवळजवळ पूर्ण दिवसाचा हिशेब मी या घराकडून मागितला, तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं : “बाई, तो उठून चालला होता. आम्हाला वाटलं, बरा आहे.”

वाटलं! कशावरून वाटलं? अडीच किलोचं पॉमेरेनियन, खांद्यापर्यंतची उंची जेमतेम वीतभर. ते तुझ्या खांद्यावरून संगमरवरी पायरीवर आपटतं. आठवडाभर मी तुम्हाला विज्ञान शिकवते, तेव्हा गणित तुम्हाला येतं. सव्वा मीटरवरून सुटलेली वस्तू अर्ध्या सेकंदात खाली येते आणि टेकताना तिचा वेग सेकंदाला जवळजवळ 5 मीटर असतो, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. हे उदाहरण तू परीक्षेत बरोबर सोडवलंस, पूर्ण गुण घेतलेस. आणि तेच उदाहरण डोळ्यांसमोर घडलं तेव्हा म्हणालास, काही नाही झालं. या कुत्र्याच्या पुढच्या पायातली हाडं पेन्सिलीहून बारीक असतात. मनगटाजवळ त्यांना रक्तपुरवठाही कमीच. म्हणून अशा लहान जातींत सोफ्यावरून उडी मारली तरी पुढचा पाय मोडतो, आणि नुसत्या पट्टीवर सोडला तर पुष्कळदा नीट जुळत नाही, प्लेट बसवावी लागते. चिकूला बसवलीच.

आणि तो चालला म्हणता, तो तीन पायांवर चालला. चौथा पाय त्याने उचलून धरला होता. ते दिसलं नाही, कारण बघायचंच नव्हतं.

कुत्रं दुखणं लपवतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. घाबरलेला जीव पहिल्यांदा पळून कोपरा गाठतो. त्या धावपळीत मोडलेल्या पायावरही वजन टाकतो, शेपूटही हलवतो. ती शेपूट म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. फुप्फुसाला मार लागला असेल तर श्वासाचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो आणि पुढचे 24 ते 48 तास वाढत जातो. मूत्राशय फुटलं असेल तरी पहिल्या काही तासांत कुत्रं हिंडतं-फिरतं. डोक्याला मार असेल तर आत सूज हळूहळू चढते. तेव्हा पडल्यानंतरच्या पाच मिनिटांत ‘बरा आहे’ असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, आणि कोल्हापूरच्या आजींनाही नाही.

हो, आजींचा विषय काढणारच आहे. पहिला फोन गेला कोल्हापूरला. आजी म्हणाल्या, हळद-चुना लावा. दुसरा फोन पुण्याला मावशीला. ती म्हणाली, तेल लावून पाय चोळा. मग कोणीतरी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. मोडलेलं हाड चोळताना आतली टोकं एकमेकांवर घासतात आणि मांस फाडतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर तुम्ही हे केलंत. त्याने चावा घेतला तेव्हा त्यालाच ओरडलात. दोन माणसांनी प्रेमापोटी सल्ला दिला, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या सतराशे-अठराशे किलोमीटरवर बसल्या होत्या, त्यांनी चिकूला पाहिलंही नव्हतं. राग तुमच्यावर आहे, कारण डॉक्टरचा नंबर सगळ्यांत शेवटी शोधलात.

त्याहून मोठी चूक अजून बाकी आहे. रात्री तो कण्हायला लागला म्हणून बाबांनी त्याला माणसाची गोळी दिली. आयबुप्रोफेन, अर्धी. “अर्धीच दिली हो बाई!” अहो, ती अर्धी गोळी माणसाच्या वजनाच्या हिशेबाने बनलेली असते. कुत्र्याच्या जठराला त्या औषधाने जखमा होतात, उलटीतून रक्त येतं, मूत्रपिंडं कामातून जाऊ शकतात. तो पहाटे उलट्या करत होता ते पडल्यामुळे की गोळीमुळे, हे डॉक्टरांनाही लगेच कळेना. आणि ऐका, कुत्र्यांसाठी जे चांगलं वेदनाशामक असतं ते त्याच जातीचं औषध. एकावर एक देता येत नाही. म्हणजे तुमच्या अर्ध्या गोळीने डॉक्टरांच्या हातातलं औषधही काढून घेतलं. दुसऱ्या मार्गाने त्यांनी वेदना आवरली, पण त्यात वेळ गेला. पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, घरातल्या डब्यातलं काहीही, पडलेल्या कुत्र्याला द्यायचं नाही. डॉक्टरने तोंडाने सांगितल्याशिवाय गोळीच्या पाकिटाला हात लावायचा नाही.

आता शुक्रवार सकाळ. चिकू पलंगाखाली, बाहेर यायला तयार नाही. घरात पाहुणे आलेले. आणि ठरल्याप्रमाणे तुम्ही सगळे मॉल ऑफ मस्कतला मत्स्यालय बघायला गेलात. पाहुण्यांना शार्क दाखवलेत. घरातला प्राणी अंधारात पडून होता. मी हे टोचून बोलते आहे, कारण टोचायलाच हवं. कोणाचंही मन वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. चालढकल होती. ‘शुक्रवार आहे, दवाखाने संध्याकाळीच उघडतील’ अशी स्वतःची समजूत घातलीत आणि फोन करून विचारलंही नाही. इथे मस्कतमध्ये शुक्रवारी सकाळी बरीच दारं बंद असतात हे खरं. म्हणूनच कोणतं दार उघडं असतं हे आधी माहीत करून घ्यायचं असतं, कुत्रं घरी आणलं त्याच आठवड्यात. 9999 हा नंबर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तो पोलिसांचा आणि माणसांच्या रुग्णवाहिकेचा. कुत्र्यासाठी ती गाडी येणार नाही, गाडी तुमचीच. रात्री कोण फोन उचलतं, शुक्रवारी कोण असतं, एक्स-रे कुठे निघतो आणि हाडाची शस्त्रक्रिया कुठे होते, हे चारही फ्रिजवर लिहून चिकटवा. आपल्या माबेल्यातून निघालात की तिथपर्यंत किती वेळ लागतो, तेही त्याच्यापुढे लिहा. गुरुवारी रात्री रस्त्यावर काय गर्दी असते ते मला नका सांगू, मीही इथेच राहते.

“कुत्र्यासाठी एवढा खर्च?” हे वाक्य कोण बोललं ते मी विचारत नाही. खर्चाची काळजी खोटी नाही, शस्त्रक्रिया महाग असते आणि पगार सगळ्यांचे सारखे नसतात. पण मग तपासून घ्या, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, हप्ते विचारा, कोणता उपचार आधी आणि कोणता नंतर चालेल ते विचारा. दुखणं अंगावर काढायला लावणं ही काटकसर होत नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय 1880च्या दशकापासून उभं आहे. ट्रामचे घोडे आणि गाडीचे बैल तिथे आणले जात. तेव्हाच्या मुंबईला जनावराचं दुखणं दुखणं वाटत होतं, आणि आपण एसीच्या गारव्यात बसून ‘कुत्र्यासाठी एवढं?’ म्हणतो.

आता पुढचं नीट ऐका, कारण नुसतं रागावून चिकूचं किंवा उद्या पडणाऱ्या दुसऱ्या कोणाचं भलं होणार नाही.

कुत्रं पडलं की पहिली गोष्ट, धावत जाऊन उचलायचं नाही. किंचाळायचं नाही. घरातल्या एकाने लहान मुलांना बाजूला घ्यावं, दुसऱ्याने फोन करावा, तिसऱ्याने कुत्र्याशेजारी जमिनीवर बसावं. आपण हाताने त्याला उभं करून ‘चाल बघू, चाल’ म्हणतो, ते बंद. पाठीचा मणका हलला असेल तर तुमच्या त्या एका ‘चाल बघू’ने मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. न्यूयॉर्कच्या अॅनिमल मेडिकल सेंटरने 1985 ते 1991 या काळात उंचावरून पडलेल्या 81 कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या. जास्त मजल्यांवरून पडलेल्यांत मणक्याच्या दुखापती जास्त दिसल्या. आपल्याकडे गच्चीचा कठडा आहे, पाण्याच्या टाकीकडे जाणारा उघडा जिना आहे, हे विसरू नका.

मग बघायचं, अंदाज नाही करायचा. वरचा ओठ हलकेच वर करा. हिरडी गुलाबी आहे का? बोटाने दाबा, पांढरी होईल, बोट काढा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरडी पांढुरकी, राखाडी किंवा निळसर असेल, रंग परतायला वेळ लागत असेल, तर आत रक्तस्राव असू शकतो किंवा शॉक असू शकतो. तेव्हा एक क्षण न दवडता निघा. काही कुत्र्यांच्या हिरड्या काळ्याच असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघा. दुखतं म्हणून कुत्रं तोंडाला हात लावू देत नसेल तर हट्ट करू नका, दुरून श्वास मोजा. छाती किती वेळा वर-खाली होते ते अर्धा मिनिट मोजायचं, दुप्पट करायचं. शांत पडलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत. बाहेर धावून आलेलं कुत्रं आपल्या या उन्हात धापा टाकणारच. पण एसीच्या खोलीत न हलता पडलेलं कुत्रं तोंड उघडून धापा टाकतंय, मान पुढे ताणून श्वास घेतंय, तर ते दुखण्याचं नाहीतर छातीच्या माराचं लक्षण आहे.

डोळ्यांत बघा. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का? नाकातून, कानातून रक्त आहे का? हाक मारली तर वळतो का, की एका बाजूला गोल गोल फिरतो, मान वाकडी धरतो, झटके येतात? यातलं एकही असेल तर डोक्याला मार आहे असं धरून चाला. पिल्लू असेल तर दुप्पट काळजी. चिवावासारख्या जातींत पिल्लांची टाळू पुष्कळदा भरलेलीच नसते. आणि पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग असतो. तो चेमटला तर आज काही दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी पाय वाकडा वाढलेला दिसतो. शिह त्झू, पग, पेकिनीज यांच्यात डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. बघून जीव घाबरा होतो, पण आत ढकलायचा नाही. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने भिजवलेला कपडा त्यावर हलका ठेवायचा आणि निघायचं. तो डोळा वाचेल की नाही हे तुम्ही किती लवकर पोहोचता यावरही अवलंबून असतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कपड्याने दाबून धरा, आणि कपडा सारखा उचलून बघू नका. हाड बाहेर दिसत असेल तर ओल्या स्वच्छ कपड्याने झाका, आत सारू नका. घरी पट्ट्या बांधून पाय सरळ करायचा उद्योग नको, चुकीची बांधलेली पट्टी मोडलेल्या हाडाहून जास्त नुकसान करू शकते. पाणी, दूध, बिस्किट काही नाही, भूल द्यावी लागू शकते. चावेल अशी भीती असेल तर ओढणीने तोंड सैल बांधता येतं, पण ओकारी येत असेल, श्वास लागत असेल किंवा नाक चपटं असेल तर मुळीच बांधायचं नाही. अंगावर टॉवेल घाला. आणि त्याने तुम्हाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याला पोहोचवून झाल्यावर माणसांच्या दवाखान्यात जा. तिथे ‘घरचंच कुत्रं आहे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

आता उचलायचं कसं. तुझ्या खोलीत दाराशेजारी चित्रकलेचा बोर्ड उभा होता. मी स्वतः पाहिलाय. अडीच किलोच्या कुत्र्याला त्याहून चांगलं स्ट्रेचर नाही. बोर्डावर टॉवेल पसरायचा, बोर्ड त्याच्या पाठीला लावून जमिनीवर ठेवायचा. एकाने डोकं आणि खांदे, दुसऱ्याने कंबर, दोघांनी एकदम, डोकं-पाठ-कंबर एका रेषेत ठेवून बोर्डावर सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. डोक्याला मार असेल तर बोर्डाची डोक्याकडची बाजू थोडी वर ठेवा. मानेखाली उशी घालून मान मुरगाळू नका. गळ्यातला पट्टा काढा. मानेवर दाब आला तर डोक्याकडून परतणारं रक्त अडतं. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही त्याला मागच्या सीटवर सुट्टा ठेवलात, तोही उन्हात उभ्या असलेल्या गाडीत. गाडी आधी सुरू करून गार करायची, मग त्याला आणायचं. आणि आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक! प्रत्येक गतिरोधकावर त्याचं मोडलेलं हाड हललं. मागे एक माणूस बोर्ड धरून बसला असता आणि बाबांनी गाडी हळू काढली असती तर ते टळलं असतं. निघताना दवाखान्याला फोन करा, म्हणजे ते ऑक्सिजन आणि टेबल तयार ठेवतील.

श्वासच थांबला, हाक मारली तरी काही नाही, तर निघायच्या आधी छाती दाबायला सुरुवात करावी लागते. इतक्या लहान कुत्र्याला एका हाताने, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला, हृदयाभोवती पकडून मिनिटाला 100 ते 120 दाब, 30 दाबांनंतर तोंड बंद करून नाकातून दोन श्वास. शिकवणाऱ्या माणसाकडून आधी शिकून घ्या, त्या वेळी फोनवर व्हिडिओ शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

व्हिडिओवरून आठवलं. अरे, मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. तू घरी सांगितलंस, ‘जिन्यावरून घसरला.’ आईबाबांनी तेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी घसरलेल्या कुत्र्याला तपासावं तसं तपासलं. तू त्याला खांद्यावर बसवून जिन्याच्या कठड्याशी नाचत होतास, एका हातात फोन होता, हे तुझ्या बहिणीने मला सांगितलं, आणि तेही रडत. तुला मार बसेल म्हणून तू खोटं बोललास, ते मला समजतं. पण तुझी चामडी वाचावी म्हणून त्याच्या छातीचा एक्स-रे एक रात्र उशिरा निघाला. किती उंचीवरून, कशावर, कोणत्या कुशीवर पडला, बेशुद्ध झाला का, यावर डॉक्टर काय बघायचं ते ठरवतो. तुमच्या घरात मुलाला खरं बोलायची भीती वाटते, हे मात्र आईबाबांचं देणं. ज्या घरात चूक सांगितली की पहिला धपाटा बसतो, तिथे जखमी कुत्र्याचा पहिला तास नेहमी खोटं सांगण्यात जाईल. त्या रात्री तुम्ही दोघं एकमेकांना ‘तूच आणलंस घरात’, ‘तुमच्याच लाडाने’ असं ऐकवत बसलात, तेव्हा तो सोफ्यामागे थरथरत होता.

पुढे तो पडू नये म्हणून काय करायचं ते थोडक्यात. लहान मुलांनी कुत्र्याला घ्यायचं ते जमिनीवर बसून, उभं राहून नाही. मोठ्यांनी उचलताना एक हात छातीखाली, एक कुल्ल्यांखाली. खांद्यावर कधीही नाही. जिन्याला खाली आणि वर दोन्हीकडे छोटं फाटक. गच्चीचं दार कायम बंद, तिथली फरशी तशीही दुपारी त्याचे पंजे भाजते. नखं वाढलेली आणि पंजातले केस लांब असले की गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. ते कापा, आणि सोफ्यापाशी सतरंजी टाका.

पुढचे काही आठवडे त्याला उड्या मारू द्यायच्या नाहीत. तो बरा वाटायला लागला की सगळ्यांचा जीव विरघळेल आणि ‘थोडं खेळू दे’ म्हणाल, आणि प्लेट वाकेल. पट्टी ओली झाली, पायाची बोटं सुजली, वास आला, जेवण सोडलं, शी काळी झाली, लघवी झाली नाही, तर वेळापत्रकातली तारीख बघायची नाही, त्याच दिवशी फोन.

आणि तू. सोमवारी पट्टी बदलायला जाताना तू आईबरोबर जायचंस. आता वही काढ, पण निबंधाची नको, कोरं पान घे. गुरुवारी रात्री किती वाजता, तुझ्या खांद्यावरून, कोणत्या पायरीवर, कोणत्या कुशीवर, लगेच उठला की पडून राहिला, गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, किती वाजता, उलटी किती वेळा, सगळं लिही. बाबा, गोळीचं पाकीट घरी असेलच, तेही त्याच्याबरोबर द्या. डॉक्टरांच्या समोर उभं राहून तू ते स्वतः वाचून दाखवायचंस. त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर तू द्यायचंस, आईने नाही.

लिही. मी इथेच बसले आहे.